चाकांची खुर्ची आणि राहतें घर

घर म्हणजे काय, असें कोणी विचारलें तर त्याचें एक सोपें उत्तर देतां येईल. जेथें प्रत्येक गोष्टीसाठीं कोणाला विचारावें लागत नाहीं, तें घर. तहान लागली कीं उठून पाणी प्यावें, उकाडा झाला कीं अंगणांत येऊन बसावें, कंटाळा आला कीं दार ओढून घेऊन बाजारापर्यंत चक्कर मारावी. यांत परवानगीचा प्रश्न नाहीं आणि मदतीचाहि नाहीं. परंतु ज्या माणसाचे पाय अपघातानें किंवा आजारानें गेले आहेत, ज्याचें सारें हिंडणेंफिरणें चाकांच्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्याला स्वतःच्या घरांत या प्रत्येक गोष्टीसाठीं कोणाला तरी हांक मारावी लागते. घर तेंच असतें, माणसें तींच असतात आणि मायाहि तीच असते. पण उंबरठा चार इंच उंच आहे, एवढ्या एका कारणानें तो माणूस आपल्याच घरांत पाहुणा होतो. त्याचें हें पाहुणेपण कसें संपवितां येईल, याविषयीं आज मला आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

उदाहरणासाठीं आपल्या जालना जिल्ह्यांतील जाफराबाद घेऊं. केळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलें हें जुनें गांव. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें, पुढें औरंगाबाद जिल्ह्यांत राहिलें आणि १ मे १९८१ पासून नव्या जालना जिल्ह्यांत आलें. राज्य बदललें, जिल्हा बदलला, सिमेंटचीं नवीं घरेंहि उठलीं. तथापि मराठवाड्यांतील जुन्या घराची ठेवण आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. गुडघाभर किंवा त्याहूनहि उंच दगडी जोतें, त्यावर चढण्यास तीन-चार पायऱ्या, दुपाखी दार, दाराला जाड लांकडी उंबरठा, आंत ढेलज, मग चौक, चौकाभोंवतीं ओसरी, पलीकडे माजघर, वर मातीचें माळवद आणि पार मागें परसांत न्हाणी व संडास. या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस किती वेळां चढतो व उतरतो, याची आपण कधीं मोजदाद केलेली नसते. पाय धड आहेत तोंपर्यंत ती करावी लागतच नाहीं.

आतां अशी कल्पना करा, कीं या घरांतला बावीस वर्षांचा मुलगा लिंबाच्या झाडावरून पडला व त्याच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. कित्येक महिने रुग्णालयांत काढून तो घरीं आला. हात बळकट आहेत, बुद्धि शाबूत आहे, पण कमरेखालचें शरीर हलत नाहीं व तेथें स्पर्शहि कळत नाहीं. पहिल्या दिवशीं वडील व चुलते त्याला खुर्चीसकट उचलून आंत आणतात. आठ-पंधरा दिवस सारें घर त्याच्याभोंवतीं धांवतें. महिन्याभरानें आईची कंबर धरते. वडिलांना शेतावर जाणें भाग असतें. संडासाला जावयाचें झालें तर कोणी येईपर्यंत थांबावें लागतें. मग तो मुलगा एक उपाय शोधून काढतो. तो पाणी पिणें कमी करतो. कोणाला सांगत नाहीं, पण दिवसाला दोन पेल्यांवर येतो. श्रोतेहो, हा उपाय फार घातक आहे. मणक्याच्या दुखापतींत लघवीच्या मार्गाचे विकार आधींच टपून बसलेले असतात. पाणी कमी पडलें कीं मुतखडा, ताप व मूत्रपिंडांची हानि यांना वाट मोकळी होते. तेव्हां घराची रचना ही नुसती सोयीची बाब नव्हे. कित्येकदां ती त्या माणसाच्या आयुष्याची बाब असते. स्त्रियांच्या बाबतींत तर हें दुप्पट खरें आहे.

या विषयाचा इतिहास फार जुना नाहीं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणका मोडलेले बहुतेक रोगी थोड्याच काळांत अंगावरील क्षतांनीं व लघवीच्या दोषांनीं दगावत असत. फेब्रुवारी १९४४ मध्यें इंग्लंडांत स्टोक मॅंडव्हिल येथें डॉक्टर लुडविग गुटमान यांनीं अशा रोग्यांसाठीं खास विभाग काढला, त्यांना अंथरुणावर पडूं न देतां खुर्चीवर बसविलें, कामाला लावलें व खेळावयासहि लावलें. पुढें जगभर होऊं लागलेल्या पॅरालिंपिक सामन्यांचें मूळ तेथलेंच. त्याच्या आधीं, म्हणजे १९३० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंतील हर्बर्ट एव्हरेस्ट या खाणींतील अपघातानें पंगु झालेल्या अभियंत्यानें व त्याच्या हॅरी जेनिंग्ज या मित्रानें मिळून पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची तयार केली होती. खुर्ची हलकी झाली, मोटारींत मावूं लागली. पण खुर्ची सुधारली तरी घरें व इमारती पूर्वींच्याच राहिल्या. इमारतींत अशा माणसाला सुखानें वावरतां यावें म्हणून उतार किती असावा, दार किती रुंद असावें, याचीं मापें ठरविणारें पहिलें राष्ट्रीय प्रमाण अमेरिकेंत १९६१ सालीं निघालें. आपल्याकडेहि केंद्र सरकारनें अशीं मापें प्रसिद्ध केलीं आहेत, व आज मी जे आंकडे सांगणार आहें ते बहुतांशीं त्यांच्याशीं जुळणारे आहेत.

आपल्या महाराष्ट्रांत या बाबतींत ज्यांचें नांव प्रथम घ्यावें अशा स्त्री म्हणजे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन शाळा-कॉलेजच्या वयांत त्यांच्या कमरेखालच्या शरीरांतील शक्ति गेली. स्वतः चाकांच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीनें त्यांना उभारी मिळाली. त्यांनीं शिक्षण पुरें केलें, केंद्रीय अबकारी खात्यांत नोकरी केली, आणि १९८४ सालीं ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरांत उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राचें नांवच ‘चाकाची खुर्ची’ असें आहे. पुण्याजवळ खडकी येथें जखमी जवानांसाठीं असेंच एक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालत आहे. आणि १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं अधू झालेले मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्गच्या सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें, हेंहि आपणांस ठाऊक असेल. हीं नांवें मी कौतुकासाठीं सांगत नाहीं. या सर्वांच्या कथेंत एक समान धागा आहे. ज्या क्षणीं दुसऱ्यानें उचलणें थांबलें व स्वतः हलतां येऊं लागलें, त्या क्षणापासून त्यांचें आयुष्य पुन्हां सुरू झालें. आपल्या जाफराबादच्या मुलाला पदक मिळवावयाचें नसेल. पण पाण्याचा पेला मात्र त्याला स्वतःच्या हातानें भरून घ्यावयाचा आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिला नियम असा, कीं गवंड्याला बोलावण्यापूर्वीं मापें घ्यावीं, आणि तीं रिकाम्या खुर्चीचीं न घेतां त्या माणसाला खुर्चींत बसवून घ्यावीं. सर्वसाधारण खुर्ची २५ ते २६ इंच रुंद व सुमारें साडेतीन फूट लांब असते; बसावयाची जागा जमिनीपासून १९ ते २० इंच उंच असते. चाकें हातांनीं फिरवावयाचीं म्हणजे दोहों बाजूंस कोंपरें व बोटांचीं पेरें यांनाहि जागा हवी. खुर्ची जागच्या जागीं पूर्ण वळविण्यास ५ फूट व्यासाचें वर्तुळ लागतें. घरांत प्रत्येक खोलींत खडूनें असें एक वर्तुळ काढून पाहावें. बहुधा असें दिसून येईल, कीं जागेची वाण नाहीं; जागा अडविली आहे ती धान्याच्या कोठीनें, जुन्या पेटाऱ्यानें आणि कोणी न वापरलेल्या पलंगानें. अर्धें काम सामान हलविल्यानेंच होतें व त्याला एक पैसाहि पडत नाहीं.

दुसरा नियम, आधीं कच्चें करून पाहावें, मग पक्कें करावें. विटा मांडून त्यांवर फळ्या टाकाव्या, दोरी बांधून उंची ठरवावी, चार-सहा आठवडे तसें वापरावें. त्या माणसाला काय जमतें हें त्याला स्वतःलाहि आधीं ठाऊक नसतें. हातांत बळ येत जातें तसतसें गणित बदलतें. घाईनें ओतलेलें सिमेंट मात्र बदलत नाहीं. आणि या साऱ्या काळांत काय कोठें हवें हें त्यानें सांगावें, इतरांनीं ऐकावें. त्याच्यासाठीं घर सजवून त्याला दाखविणें निराळें, आणि त्यानें आपलें घर मांडणें निराळें.

बहुतेक ठिकाणीं लोक प्रथम बाहेरच्या पायऱ्यांवर उतार करतात, कारण तो चारचौघांना दिसतो. माझें मत असें, कीं पहिला हात संडास व न्हाणीघराला लावावा. परसांतील संडास गांठावयास पायऱ्या उतरून ओल्या अंगणांतून जावें लागत असेल तर ओसरीच्या एका टोकाला नवा संडास बांधणें बरें. तो निदान ५ फूट रुंद व ६ फूट लांब असावा. साडेसहा फूट व सात फूट जमलें तर उत्तम. उकिडवें बसण्याचें भांडें येथें उपयोगाचें नाहीं. बैठकीचें भांडें बसवावें व त्याची उंची १८ ते १९ इंच, म्हणजे जवळजवळ खुर्चीच्या बैठकीइतकी ठेवावी. उंची सारखी असली कीं हातांवर भार देऊन माणूस एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर आडवा सरकूं शकतो. चार इंचांचा फरक पडला कीं त्याला वर चढावें लागतें. भांड्याचा मध्य एका भिंतीपासून दीड फुटावर असावा व दुसऱ्या बाजूस खुर्ची लावण्यास तीन फूट मोकळी जागा असावी.

धरावयाच्या दांड्याविषयीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों, कारण आपल्या भागांत तींत हमखास चूक होते. जुन्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतात. त्यांत खिळा किंवा स्क्रू मारून बसविलेला दांडा दिसतो भक्कम, पण माणसानें सारा भार टाकला कीं मातीसकट निघून येतो. अशा ठिकाणीं दीड इंची लोखंडी नळीचा दांडा भिंतींत न बसवितां जमिनींत दीड-दोन फूट खोल कॉंक्रीटमध्यें रोवावा. तो जमिनीपासून २८ ते ३३ इंचांवर आडवा यावा. बसविल्यावर घरांतल्या सर्वांत जड माणसानें त्यावर लोंबकळून पाहावें. मगच तो पास समजावा.

न्हाणीघराचें दार बाहेर उघडणारें असावें. आंत माणूस पडला तर आंत उघडणारें दार त्याच्याच अंगानें अडतें आणि बाहेरचे लोक असहाय होतात. आंतून कडी जरूर असावी, कारण एकान्त हा त्याचाहि हक्क आहे. मात्र ती प्रसंगीं बाहेरून उघडतां येईल अशी असावी. जमिनीला गुळगुळीत फरशी नको. खरबरीत शहाबादी किंवा रेघा ओढलेला कोबा चांगला. स्नानासाठीं खुर्चीच्याच उंचीचा पक्का ओटा करावा. बादली जमिनीवर न ठेवतां दीड फूट उंच तिवईवर ठेवावी. आणि येथें एक सावधगिरीची सूचना. ज्याला कमरेखालीं स्पर्श कळत नाहीं त्याला कढत पाणीहि कळत नाहीं. कातडी भाजली तरी त्याला पत्ता लागत नाहीं व ती जखम महिनोन् महिने भरत नाहीं. म्हणून बादलींत आधीं थंड पाणी व मग ऊन पाणी घालावें, आणि कोंपरानें किंवा दंडानें पाहून मगच अंगावर घ्यावें.

यानंतर दारें. खुर्चीला निदान ३२ इंच व शक्य तर ३ फूट मोकळी वाट लागते. जुन्या दुपाखी दाराचीं दोन्ही कवाडें उघडलीं तर पुष्कळदां एवढी वाट मिळते, पण एकच कवाड उघडण्याची संवय असल्यामुळें दार अरुंद भासतें. माजघरासारख्या आंतल्या खोल्यांचीं कवाडें काढून पडदा लावला तरी दीड-दोन इंच हातीं येतात. चौकट रुंद करण्याची वेळ आलीच, तर तें काम जाणत्या गवंड्याकडूनच करवावें. माळवदाच्या घरांत कोठें भार खांब व तुळयांवर असतो तर कोठें भिंतीवर. माळवदाची माती किती जड असते हें आपण जाणतां. वर आधार न देतां भिंत कापली तर सोय करावयास जाऊन अनर्थ ओढवावयाचा.

उंबरठ्याचा प्रश्न मात्र सुतारगवंड्याचा नसून मनाचा आहे. घरांतील वडील स्त्रिया उंबरठ्याला हळदकुंकू वाहतात. तो काढून टाकावा असें कोणी म्हटलें तर त्यांच्या जिवाला लागतें, व तें स्वाभाविक आहे. यावर तोड अशी, कीं उंबरठा काढूं नये. दोहों बाजूंस लांकडाच्या रंधलेल्या पाचरी ठेवून चढउतार सोपा करावा, किंवा नवीन फरशी घालतांना तोच उंबरठा जमिनीच्या पातळीला बसवावा. हळदकुंकू तसेंच वाहतां येतें. उंबरठ्याचें पावित्र्य त्याच्या उंचींत नाहीं. घरच्या माणसाला तो आंत घेतो व बाहेर जाऊं देतो, यांत तें आहे.

आतां बाहेरचा उतार. याचें गणित पाठ करण्यासारखें आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. जोतें दोन फूट उंच असेल तर उतार २४ फूट लांब हवा. हें ऐकून लोक दचकतात व आठ-दहा फुटांत काम उरकतात. तसल्या चढावर हातांनीं खुर्ची चढत नाहीं, व चढवूं गेल्यास ती मागें उलटते. म्हणजे पुन्हां ढकलणारा माणूस आला, आणि केलेला खर्च फुकट गेला. अंगणांत सरळ २४ फूट नसतील तर भिंतीच्या कडेनें काटकोनांत वळवावा, व वळणावर ५ फूट सपाट जागा सोडावी. दारासमोरहि तेवढीच सपाट जागा हवी; नाहींतर कडी काढीपर्यंत खुर्ची मागें घरंगळते. रुंदी चार फूट असावी, दोहों कडांना तीन इंचांची वरवंडी असावी, म्हणजे चाक घसरून खालीं जाणार नाहीं, आणि अडीच व तीन फुटांवर असे दोन कठडे असावेत.

जाफराबादसारख्या ठिकाणीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, काळी माती. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेला उतार एक-दोन वर्षांत तडकतो. म्हणून काळी माती काढून टाकावी, मुरूम भरावा, पाणी मारून धुमसानें चोपावा व मगच कॉंक्रीट घालावें. ओलें असतांना खराट्यानें आडव्या रेघा ओढाव्या, म्हणजे चाकाला पकड मिळते. दुसरी, माळवदाच्या पन्हाळी. त्यांचें पाणी उतारावर पडूं लागलें तर पावसाळ्यांत शेवाळ धरतें. पन्हाळीचें तोंड दुसरीकडे वळवावें. शेवटीं पाणसळ लावून पाहावें, कीं उतार एका बाजूस कललेला नाहीं; कललेल्या उतारावर खुर्ची सारखी एकीकडे ओढली जाते व एक हात थकून जातो.

परसाकडचें जोतें ठेंगणें असेल तर तिकडून उतार सोपा व स्वस्त पडतो. तूर्त तसें करण्यास हरकत नाहीं. परंतु कायमचें मागचें दार एखाद्याच्या वांट्याला यावें, हें बरें नव्हे. पाहुणे येतात तें दार, वरात निघते तें दार, त्यानेंच त्यालाहि जातां आलें पाहिजे. पैसा सांचेल तेव्हां पुढच्या दाराचें काम अवश्य करावें.

घराच्या आंतील लहानसहान गोष्टी सांगावयाच्या तर पुष्कळ आहेत. मुख्य तेवढ्या सांगतों. पलंग खुर्चीच्या बैठकीइतका उंच असावा. ठेंगणा असेल तर पायांखालीं लांकडी ठोकळे द्यावेत, पण ते हलतां कामा नयेत. गुळगुळीत रंधलेली अडीच फूट लांब व आठ-नऊ इंच रुंद फळी जवळ असली, कीं तिच्यावरून सरकून पलंगावर जातां येतें. खुर्चीच्या बैठकीवर चांगली गादी असावी, आणि बसल्या जागीं दर पाव-अर्ध्या तासानें हातांवर अंग उचलून धरण्याची संवय त्यानें लावून घ्यावी. न कळणाऱ्या कातडीवर सतत दाब पडून जीं क्षतें होतात, त्यांना हा एक महत्त्वाचा प्रतिबंध आहे. विजेचीं बटनें, खुंट्या, फडताळें, आरसा हें सारें जमिनीपासून सव्वा फूट ते चार फूट यांच्या दरम्यान आणावें. देवघरहि त्यांत आलें. ज्याला पूजा करावयाची आहे त्याला देव हातीं लागूं द्यावेत.

पाण्याची गोष्ट आपल्याकडे विशेष. नळाला रोज पाणी येईलच असें नाहीं. म्हणून तें रांजणांत व टाक्यांत सांठवितात. रांजणाच्या तळाशीं गेलेलें पाणी खुर्चींतून काढतां येत नाहीं. तोटीचा माठ अडीच फूट उंच तिवईवर ठेवावा, व तिवईखालीं गुडघे जातील एवढी मोकळी जागा सोडावी. एवढ्या एका तिवईनें त्या मुलाचें पाणी पिणें पुन्हां सुरू होतें.

स्वयंपाकघराचा विचार मुलगा असो वा मुलगी, दोघांसाठींहि करावा. ओट्याची उंची ३० ते ३२ इंच ठेवून खालची जागा गुडघ्यांसाठीं सोडावी, म्हणजे समोरून खुर्ची आंत जाते. परात ठेवण्यास घट्ट बसणारें टेबल असलें तर भाकरी थापणेंहि जमतें. कढत भांडें मांडीवर ठेवून नेऊं नये. मांडीवर लांकडी तबक घ्यावें व त्यांत फक्त थंड वस्तु ठेवाव्या. आणि वैशाखाच्या उन्हांत खुर्ची अंगणांत उभी करून ठेवूं नये. लोखंडी कड्या इतक्या तापतात कीं हात लावतां येत नाहीं, व न कळणाऱ्या पायांना तर त्या नुसत्या लागल्यानेंहि भाजतें. विजेवर चालणाऱ्या पाळण्याचा मोह, वीज जाते येते त्या गांवीं, टाळलेला बरा. उतार कधीं बंद पडत नाहीं.

खर्चाचा प्रश्न राहिला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्यांत २१ प्रकारचें अपंगत्व धरलें असून ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असल्यास विशेष सवलती मिळतात. दाखल्याची व ओळखपत्राची तजवीज प्रथम करावी, कारण पुढचीं सारीं दारें त्यानेंच उघडतात. केंद्र सरकारच्या योजनेंतून गरजूंना खुर्ची किंवा हातानें चालविण्याची तीनचाकी मिळते. महाराष्ट्रांत ग्रामपंचायती व नगरपालिकांनीं आपल्या उत्पन्नांतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या हितासाठीं खर्चावी असा नियम आहे. तिची मागणी लेखी अर्जानें करावी व पोंच घ्यावी. राज्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातेंहि काढलें आहे. तथापि एक गोष्ट विसरूं नये. कायदा कचेरी, शाळा व दवाखाना यांना उतार करण्यास भाग पाडूं शकतो. आपल्या घराचा उंबरठा उतरविण्यास कोणताहि कायदा येत नाहीं. तो हुकूम घरच्या माणसांनींच स्वतःला द्यावयाचा असतो.

आणि घरच्या माणसांना शेवटीं एक अवघड गोष्ट सांगावयाची आहे. उतार झाला, दार रुंद झालें, दांडा रोवला, तरी एक अडसर राहून जातो, आणि तो मायेचा असतो. मुलगा पलंगावरून खुर्चीवर येऊं लागतो. त्याला वीस मिनिटें लागतात. आई पाहूं शकत नाहीं व धांवत जाऊन हात देते. तिचा हात मागें घेणें हें तिला डोंगर चढण्याइतकें जड आहे, हें मी जाणतों. पण त्या वीस मिनिटांचीं पुढें दहा होतात व दहांचीं तीन होतात. हात दिला तर तीं कधींच कमी होत नाहींत. त्यानें मागितल्यावांचून मदत करूं नये, आणि त्यानें मागितली तर तोंड वांकडें करूं नये, एवढा नियम घरानें पाळला म्हणजे पुरे. हें घर सुधारल्याचा लाभ त्या एकट्यालाच होतो असेंहि नाहीं. गुडघे धरलेली आजी त्याच कठड्याला धरून उतरते, दिवस राहिलेली सून त्याच दांड्याचा आधार घेते, आणि धान्याचें पोतें त्याच उतारावरून गाड्यानें आंत येतें. म्हातारपण तर आपणां सर्वांच्याच वाटेवर आहे.

मग एखाद्या संध्याकाळीं असें घडतें. दिवेलागणीची वेळ असते. चाकांचा आवाज ढेलजेंतून जातो, कवाड वाजतें. आई आंतून विचारते, “कोठें निघालास रे?” आणि बाहेरून उत्तर येतें, “येतों जाऊन.” पुढें काय, कोठें, कोणाबरोबर, हें तो सांगत नाहीं, आणि तिलाहि विचारावेंसें वाटत नाहीं. तो उतारावरून खालीं जाऊन गल्लींत वळलेला असतो. श्रोतेहो, आपल्या घराकडे या दृष्टीनें एकदां पाहावें, हातांत माप घेऊन पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.